पारदर्शक पार्ट सोलापुरात होईल का? (पॉलिकार्बोनेट, चांदीच्या रेघा आणि मी)

अक्कलकोट_रोड | २४ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज अडलं म्हणून लिहितोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लहान मोल्डिंगचं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा मागाच्या कांड्या आणि बॉबिनी व्हायच्या. मग बादल्या, टोपणं, टॉवेलवाल्यांचे हँगर. तीन मशिनी आहेत, मोठी १५० टन दाबाची. आजवर सगळा माल पीपी नाहीतर एचडीपीई, म्हणजे बादल्यांचं साधं प्लास्टिक, आणि शक्यतो काळा. काळा दाणा (कच्चं प्लास्टिक दाण्यांतच येतं) सगळी पापं पोटात घालतो.

तीन महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका पार्टीनं साचा आणून दिला. दोरा तुटला की मशीन थांबवणारा एक ऑप्टिकल सेन्सर असतो, त्याची पुढची खिडकी. पॉलिकार्बोनेट, काचेसारखी स्वच्छ. लांबी ६० मिमी, अधिक-उणे ०.०५. जाडी अडीच मिमी, मध्ये भिंगाचा फुगवटा ५ मिमीचा, दोन टोकांना स्क्रूचे बॉस (स्क्रू बसायच्या नळ्या). दोन कॅव्हिटी, म्हणजे एका शॉटला दोन पार्ट.

आता रडगाणं ऐका.

एक, रात्रपाळीत साधारण तीन-चार वाजता पार्टवर चांदीच्या रेघा येतात. गेटपासून, म्हणजे माल साच्यात शिरतो तिथून, पंख्यासारख्या पसरतात. सकाळी मी पोचेपर्यंत माल परत चांगला.

दोन, मी मायक्रोमीटरनं ६०.०१ मोजून पाठवतो. पुण्यात तोच पार्ट ५९.९४ भरतो आणि लॉट परत येतो.

तीन, जे पास झाले त्यातल्या काहींना आठवड्याभरानं स्क्रूजवळ बारीक तडे. पार्टी म्हणते तुमच्या मोल्डिंगचा दोष.

प्रश्न सरळ आहे. हे काम सोलापुरात बसून जमण्यासारखं आहे का? की चाकणला कुणाला जॉबवर्कला देऊन मोकळं व्हावं? बायको म्हणते बादल्याच बऱ्या होत्या.

शेंगासोल | २४ एप्रिल, रात्री ११:५२

पहिला! विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण शेंगा सोलत बसलोय. चालू द्या.

निवृत्त_टूलरूम | २५ एप्रिल, सकाळी ६:१५

अक्कलकोट_रोड, तुम्ही तीन दुखणी एका कागदावर लिहून एकच औषध मागताय. तसं मिळणार नाही. एकेक घेऊ.

रेघा म्हणजे पाणी, शंभरातल्या नव्वद वेळा. पीपीला ओलाव्याचं काही वाटत नाही, वर पाणी असलं तर उडून जातं. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा पोटात ओढतं. बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या दाणा वितळवणाऱ्या नळीत, २८०-३०० अंशाला ते पाणी दोन कामं करतं. वाफ होऊन प्रवाहाबरोबर ताणलं जातं, ती तुमची चांदी. आणि प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्याच तोडतं, हे दुसरं काम जास्त वाईट. पार्ट दिसायला बरा असतो पण ठिसूळ निघतो. नाव कशासाठी आहे पॉलिकार्बोनेटचं, तर न फुटण्यासाठी. तेच गेलं.

मोल्डिंगच्या आधी ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली पाहिजे. त्यासाठी १२० अंशाला तीन ते चार तास. आता सांगा: ड्रायर कुठला, हॉपर (दाणा भरायचं नरसाळं) किती किलोचा, रात्री दाणा कोण भरतं, साच्यात पाणी किती अंशाचं, गेट कसा?

कडकभाकरी | २५ एप्रिल, सकाळी ८:०३

काय बे, ड्रायर कशाला? एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवर कुरडया दोन तासांत कडकडतात. दाणे पण पसरा की. कावळ्यांसाठी पोरगं बसवा एक.

(ह.घ्या.)

निवृत्त_टूलरूम | २५ एप्रिल, सकाळी ८:४०

कडकभाकरी, हसू नका, एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी बघितलंय. ताडपत्रीवर पसरलेला दाणा. सोलापूरची गच्ची तापून तापून ६० अंश होईल. दाण्याच्या पोटातलं पाणी तेवढ्यानं हलत नाही. वर धूळ फुकट. नायलॉनवाल्यांनाही हाच सल्ला कुणी देऊ नये.

अक्कलकोट_रोड | २५ एप्रिल, दुपारी २:१०

काका, उत्तरं देतो.

ड्रायर साधा, गरम हवेचा हॉपर ड्रायर, २५ किलोचा. सेटिंग १२० वरच आहे. रात्री एकच पोरगा दोन मशिनी बघतो, दाणा तोच भरतो. साच्यात टाकीचं पाणी, सध्या ३५ अंश असेल. गेट बाजूनं, पंख्यासारखा. एक शॉट रनरसकट (पार्टपर्यंत माल नेणाऱ्या वाटेतल्या प्लास्टिकसकट) ५२ ग्रॅम, सायकल ३८ सेकंद.

चाकणचा_पोरगा | २५ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या चाकणला एका लाइट बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस बघतो.

दादा, गणित करा. ३८ सेकंदाला एक शॉट म्हणजे तासाला ९५ शॉट. गुणिले ५२ ग्रॅम, तासाला ५ किलो. चार तास वाळवायचं तर हॉपरमध्ये कायम २० किलो दाणा पाहिजे. तुमचा हॉपर २५ चा, म्हणजे पुरतो. पण *कायम भरलेला* असेल तरच.

आता रात्रीचं चित्र बघा. पोरगा दहा वाजता हॉपर गच्च भरतो. दोन-अडीचपर्यंत तळाला येतो. मग उठून अख्खं पोतं ओततो. तो दाणा वीस मिनिटांत बॅरलमधल्या, माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूत पोचतो, कोरडा व्हायला वेळच नाही. तीन ते चारच्या मधल्या मालावर रेघा. सहाला वरचा दाणा चार तास वाळून आलेला असतो, तुम्ही येईपर्यंत सगळं चकाचक.

तापमान १२० दिसतंय म्हणून दाणा वाळला असं नसतं. दाणा आत किती वेळ राहिला ते बघायचं.

शेंगासोल | २५ एप्रिल, संध्याकाळी ७:४१

हे तर रहस्यकथेसारखं चाललंय. खुनी रात्रपाळीचा पोरगा!

अक्कलकोट_रोड | २७ एप्रिल, सकाळी ९:५५

काल रात्री जागलो. हॉपरच्या काचेवर खडूनं रेघ मारली आणि पोराला न सांगता ऑफिसात बसलो.

अडीच वाजून दहा मिनिटांनी तो उठला. काचेत दाणा दिसतच नव्हता. पोतं ओतलं. तीनला दहा कमी असताना पहिली रेघ.

पोराला काय बोलणार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, पीपीला असंच भरायची सवय. आता दर तासाला ५ किलोची बादली, खडूच्या रेघेच्या वर. आमचीच बादली, दोन वर्षांपूर्वीची.

निवृत्त_टूलरूम | २७ एप्रिल, सकाळी १०:३०

उत्तम. पण हा विजय एप्रिलचा आहे. साधा ड्रायर बाहेरचीच हवा तापवून आत सोडतो. जूनमध्ये पाऊस लागला की तीच हवा ओली, मग १२० अंश असूनही दाणा पुरेसा वाळणार नाही. त्यासाठी डीह्युमिडिफाइंग ड्रायर, म्हणजे हवा आधी कोरडी करून मग आत सोडणारा, तिचा दवबिंदू उणे ३०-४० ला नेणारा. महाग आहे, पण पारदर्शक कामात त्याला पर्याय नाही.

घरच्या घरी तपासायची एक युक्ती सांगतो. हॉट प्लेट २७० अंशाच्या आसपास, त्यावर प्रयोगशाळेतल्या काचेच्या दोन पट्ट्या तापवायच्या. एका पट्टीवर ड्रायरमधले चार-पाच दाणे, दुसरी वरून दाबायची. दाणा पसरून चकती होते. चकतीत बुडबुडे दिसले तर ओला. एक-दोन बुडबुड्यांनी घाबरू नका, ती अडकलेली हवा असते. पाच मिनिटांचं काम.

आणि एक ताकीद. शनिवारी मशीन बंद करताना पॉलिकार्बोनेट बॅरलमध्ये ठेवून घरी जाऊ नका. थंड होताना ते लोखंडाला असं धरतं की स्क्रूचा पापुद्रा ओढून काढतं. माझ्या नोकरीत एकदा सोमवारी सकाळी आम्ही स्क्रू बाहेर काढला तेव्हा क्रोम सोललेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. बंद करायच्या आधी एचडीपीईनं पर्ज करा, म्हणजे ते घालून आतला माल बाहेर ढकला. थोड्या वेळाचंच थांबणं असेल तर बॅरल १६०-१८० वर ठेवा. वीज जाते तिथे तर हे पाठच करा.

कडकभाकरी | २७ एप्रिल, सकाळी १०:५१

वीज जाते तिथे म्हणजे सोलापूर, असं स्पष्ट लिहा की काका.

अॅक्रिलिकप्रेमी | २७ एप्रिल, दुपारी १२:२०

इतका त्रास कशाला? अॅक्रिलिक घ्या. ९२ टक्के प्रकाश सोडतं, पॉलिकार्बोनेट ८८-९० वर अडतं. ओरखडे कमी, उन्हात पिवळं पडत नाही, ८० अंशाला वाळतं, २३०-२४० ला वाहतं, साच्यावरही दया. आतला ताणही डोळ्याला कमी दिसतो. सेन्सरची खिडकी म्हणजे प्रकाशाचंच काम ना?

चाकणचा_पोरगा | २७ एप्रिल, दुपारी १:०५

प्रकाशाचं बरोबर. पण दोन बॉसमध्ये स्क्रू आवळायचेत आणि बाजूला माग धडधडतोय. अॅक्रिलिक तिथे दोन दिवसांत काडकन जाईल. म्हणूनच गाडीच्या हेडलाइटची बाहेरची काच पॉलिकार्बोनेटची असते, वर हार्ड कोट मारून. तो कोट गेला की जुन्या गाड्यांचे दिवे पिवळे धमक दिसतात, ते हेच. आतली एलईडीची भिंगं मात्र बरीचशी अॅक्रिलिकची. ज्याचं काम त्यानं करावं.

नेत्रा_के | २७ एप्रिल, रात्री ९:१८

थोडं अवांतर. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. अॅक्रिलिकवरून आठवलं म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा अॅक्रिलिकच्या होत्या. काच फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपच्या जायच्या, आणि हॅरोल्ड रिडले नावाच्या इंग्रज सर्जनच्या लक्षात आलं की त्या कपच्या डोळ्यात राहूनही डोळा चिडत नाही. १९४९ साली लंडनला त्यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज ज्याला सगळे 'लेन्स टाकली' म्हणतात त्याची सुरुवात ती.

माझ्या आजीच्या डोळ्यातही लेन्स आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझ्या डोळ्यात विमान हाय म्हन की."

शेंगासोल | २७ एप्रिल, रात्री ९:३०

आजींना नमस्कार. धाग्याचं तिकीट वसूल.

मापात_पाप | २८ एप्रिल, सकाळी ७:४५

दुसऱ्या दुखण्याकडे कुणी बघितलंच नाही. मी मापनशास्त्रातला, त्यामुळे राहवत नाही.

अक्कलकोट_रोड, तुमच्या शेडमध्ये आत्ता किती तापमान आहे?

अक्कलकोट_रोड | २८ एप्रिल, सकाळी ९:०२

सकाळचं विचारू नका. दुपारी ४२. पत्र्याखाली.

मापात_पाप | २८ एप्रिल, सकाळी ९:४०

मग झालं की. ड्रॉइंगवरचं माप २० अंशाचं असतं, जगभर तसाच संकेत आहे. पुण्याच्या पार्टीची मापाची खोली एसीत २० वर असणार. पॉलिकार्बोनेट दर अंशाला लाखात साधारण ६.८ भाग वाढतं. ६० मिमी, २२ अंशाचा फरक: ६० × ०.००००६८ × २२ = ०.०९ मिमी. तुमची सगळी सहनशीलता (टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक) मिळून ०.१०. म्हणजे सोलापूरच्या उन्हानंच जवळजवळ पूर्ण खाऊन टाकली.

किसकाढू | २८ एप्रिल, सकाळी ११:१५

एक चूक. मायक्रोमीटरही त्याच शेडमध्ये तापलाय ना? पोलाद दर अंशाला लाखात १.२ भाग वाढतं, ६० मिमीला २२ अंशात ०.०१६. तेवढं वजा करा. दिसणारा फरक ०.०७४ येईल, ०.०९ नाही.

मापात_पाप | २८ एप्रिल, सकाळी ११:२८

मान्य. तुमच्या टोपणनावाला जागलात. आता बघा, ६०.०१ मधून ०.०७४ वजा: ५९.९३६. पुण्यानं किती मोजलं होतं? ५९.९४. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

आणि मशिनमधून निघाल्या निघाल्या मोजत असाल तर तेही बंद करा. पार्ट एक दिवस तसाच पडू द्या, मग मोजा.

चिंचोळी_चिंतन | २८ एप्रिल, दुपारी ३:५०

सगळ्यांचं शास्त्र वाचलं. आता कुणी पैशाचं बोलणार का?

मीही चिंचोळीत एक असंच 'प्रिसिजन' काम घेतलं होतं. पार्टी पुण्याची, नाव घेत नाही. नव्वद दिवसांचं पेमेंट, ते दीडशे दिवसांनी. प्रत्येक लॉटमध्ये काहीतरी खोट. शेवटी ड्रायर, साच्याचा हीटर, मायक्रोमीटर, सगळं माझ्या अंगावर. त्यापेक्षा टॉवेलवाल्यांचे हँगर करा. रोख पैसे, आणि हँगरला कुणी २० अंशावर मोजत नाही. सोलापूरनं सोलापूरचं काम करावं.

चाकणचा_पोरगा | २८ एप्रिल, रात्री ८:१२

चिंतनसाहेब, पेमेंटच्या दुखण्याला माझ्याकडे उत्तर नाही, ते खरंच आहे. पण 'सोलापूरचं काम' म्हणजे काय? गिरण्या होत्या तेव्हा ते सोलापूरचं काम होतं. गिरण्या गेल्या. माझे आजोबा त्यातच होते. माझ्या कंपनीत सोलापूरची अकरा पोरं आहेत, दर सोमवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पुण्याला गच्च भरून येते. ही कामं तिकडेच राहिली तर ती गाडी अशीच भरत राहणार.

साचेबद्ध | २९ एप्रिल, सकाळी १०:०५

भांडू नका, साच्याकडे या. माप कमी येतंय म्हणून कुणीतरी 'होल्डिंग प्रेशर (माल साच्यात दाबून धरायचा दाब) वाढव' म्हणेलच, त्याआधी सांगतो: वाढवू नका. दाबून माप आणाल, पण तो दाब पार्टमध्ये गोठून बसेल. तडे वाढतील.

माप साच्यात आणा. पार्ट लहान येतोय म्हणजे कॅव्हिटी मोठी करायची, म्हणजे लोखंड काढायचं. काढणं सोपं, घालणं अवघड. नशीबवान आहात. टोकाच्या भिंतीवरून ०.०६ काढा. भिंगाच्या पृष्ठभागाला बोट लावू देऊ नका. तो डायमंड पेस्टनं आरशासारखा केलेला असतो. कापडाचा एक चुकार धागा जरी फिरला तरी ओरखडा प्रत्येक पार्टवर छापून येतो. पॉलिशवाल्याला सांगा की भिंगावर चिकटपट्टी लावून मगच काम सुरू कर.

आणि ते टाकीचं पाणी बंद करा राव. पॉलिकार्बोनेटचा साचा ८० ते १०० अंशाला पाहिजे. थंड साच्यात माल भिंतीला लागताच गोठतो, आतला अजून वाहत असतो, सगळी ओढाताण पार्टमध्ये अडकते. मोल्ड टेंपरेचर कंट्रोलर घ्या, ९० पर्यंत पाण्याचा चालतो. पण क्रम लक्षात ठेवा, साचा तापवला की आकुंचनही थोडं बदलतं. म्हणून आधी कंट्रोलर, मग माप, मग लोखंड काढणं.

अक्कलकोट_रोड | २९ एप्रिल, सकाळी १०:४०

पण गरम साच्यात सायकल वाढणार ना? पार्टीनं ३८ सेकंदावर भाव ठरवलाय.

साचेबद्ध | २९ एप्रिल, सकाळी ११:००

वाढणारच. थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गात वाढतो. अडीच मिमीच्या भिंतीला जेवढा वेळ, ५ मिमीच्या भिंगाला त्याच्या चौपट. तुम्ही ३८ ला पार्ट काढताय तेव्हा भिंग आतून मऊच असणार. मध्ये खळगा किंवा बुडबुडा दिसतो का?

अक्कलकोट_रोड | २९ एप्रिल, सकाळी ११:२०

दिसतो. टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा, मधोमध. मला वाटलं तोही ओलावाच.

निवृत्त_टूलरूम | २९ एप्रिल, दुपारी १२:१०

तो बहुतेक बुडबुडा नाही, पोकळी आहे. बाहेरचा थर आधी कडक झाला, आतला आकसला, मध्ये जागा उरली. खात्री करायची तर पार्ट हीट गननं हळूहळू मऊ होईस्तोवर तापवा. आत वायू असेल तर फुगेल, पोकळी असेल तर मिटत जाईल.

रंगीत_गॉगल | ३० एप्रिल, रात्री १०:१५

तडे हे तिसरं दुखणं राहिलंय. ताण *बघायचा* असेल तर पैसे लागत नाहीत. जुना एलसीडी मॉनिटर घ्या, पडदा पांढरा करा. त्याचा प्रकाश ध्रुवित (पोलराइज्ड, एकाच दिशेत कंप पावणारा) असतो. समोर पार्ट धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत राहा, एका जागी पडदा काळा होईल. त्या काळ्यावर पार्टमध्ये इंद्रधनुष्य दिसेल. जिथे रंगांचे पट्टे दाट, तिथे ताण जास्त.

अक्कलकोट_रोड | १ मे, दुपारी ४:३०

आज महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पोरीचा गॉगल आणि अकौंटंटचा मॉनिटर घेऊन बसलो. काय सांगू! एवढी वर्षं प्लास्टिकमध्ये काढली, हे कधी बघितलं नव्हतं. गेटजवळ हिरवे-गुलाबी पट्टे, एकावर एक, चिकटून. भिंगाभोवती एक कडं. मधला भाग जवळजवळ काळा. पोरगी म्हणाली पेट्रोल सांडलंय का यात.

पण गंमत अशी की बॉसजवळ रंग अगदी विरळ. आणि तडे तर बॉसलाच आहेत!

हीट गन पण केली. मिटली. काका जिंकले.

साचेबद्ध | १ मे, संध्याकाळी ६:०५

स्क्रूचं डोकं सपाट आहे की पाचरीसारखं? पाचरीचं असेल तर ते बॉस फाडतंच.

अक्कलकोट_रोड | १ मे, संध्याकाळी ६:२०

सपाट. विचारून घेतलं.

पुणेरी_असेंब्ली | २ मे, सकाळी ८:००

मग डोकं सोडा, स्क्रूला काय *लावतात* ते विचारा. माझा पैजेवर अंदाज आहे. हललेला स्क्रू सुटू नये म्हणून तो निळा द्रव लावतात ना, थ्रेडलॉकर? पॉलिकार्बोनेटचा तो उघड शत्रू. धातूच्या आट्यांत तो घट्ट होतो, पण बॉसवर ओघळलेला ओलाच राहतो आणि प्लास्टिकमध्ये शिरतो. स्क्रूचा ताण आहेच. आठवड्यात तडे.

हेच काम थिनर करतो, अॅसिटोन करतं, काही साच्याचे स्प्रेही करतात. पुसायचं तर सौम्य साबणाचं पाणी किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल).

अक्कलकोट_रोड | ४ मे, दुपारी १:१५

फोन केला. आधी "आमच्याकडे काही लावत नाहीत". मग लाइनवरच्या मुलीला विचारून दहा मिनिटांनी परत फोन. लावतात. मार्चपासून, कारण स्क्रू सुटायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनाही वाटलं नसेल की सांगण्यासारखं आहे.

पैज काय होती?

पुणेरी_असेंब्ली | ४ मे, दुपारी १:३०

शेंगाचटणी. पाव किलो. सोलापूरचीच, इथली नको.

त्यांना सांगा, आट्यांवर नायलॉनची पट्टी असलेले स्क्रू मिळतात, सुटत नाहीत आणि द्रवही लागत नाही. आणि बोलणं तोंडी ठेवू नका. दहा पार्ट थ्रेडलॉकर लावून, दहा न लावता, सारख्या टॉर्कनं आवळून पंधरा दिवस ठेवा. फोटोसकट पाठवा. छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे, भांडण वाढलंच तर तिथे चाचणी करून घेता येईल. पण लागणार नाही बहुतेक.

चिंचोळी_चिंतन | ४ मे, दुपारी ३:००

आणि त्या तड्यांच्या लॉटचे पैसे? ते देणार का पार्टी?

अक्कलकोट_रोड | ४ मे, दुपारी ३:२०

विचारलंय. "मीटिंगमध्ये घेऊ" म्हणाले.

चिंचोळी_चिंतन | ४ मे, दुपारी ३:२२

हम्म.

अक्कलकोट_रोड | ११ मे, रात्री १०:३०

नवीन दुखणं. रेघा गेल्या, पण आता तपकिरी ठिपके. शंभरात सहा-सात. दाणा नवा, पोतं मी स्वतः फोडलेलं. भंगाराचा माल एक ग्रॅम मिसळत नाही.

निवृत्त_टूलरूम | १२ मे, सकाळी ६:२०

मशीनच्या स्क्रूच्या टोकाच्या चेक रिंगपाशी जुना माल अडकून जळत असेल. पर्ज करून बघा. आणि ठिपका भिंगाखाली बघा, गोल आहे की लांबट?

अक्कलकोट_रोड | १२ मे, रात्री ८:४५

लांबट. केसासारखा, एक तर चक्क वेटोळा.

कडकभाकरी | १२ मे, रात्री ९:०१

भाऊ, तुमच्या शेजारी कसला कारखाना आहे?

अक्कलकोट_रोड | १२ मे, रात्री ९:०४

टॉवेलचा.

अरे देवा.

कडकभाकरी | १२ मे, रात्री ९:१०

माझं बालपण मागाच्या शेडमध्ये गेलंय. रुई पापणीवर बसायची, डब्यातल्या भाकरीवर बसायची. तुमच्या ड्रायरचा पंखा तीच हवा ओढतोय. आत गेलेला धागा ३०० अंशाला जळणार नाही तर काय? काळ्या बादलीत कधी दिसला नाही, कारण बादली काळी.

कुरडईवाल्यानं पण एखादं काम केलं की नाही धाग्यात?

चाकणचा_पोरगा | १२ मे, रात्री ९:३५

मानलं! ड्रायरच्या तोंडाला फिल्टर, हॉपरला झाकण, पोतं फोडायच्या आधी बाहेरून ओल्या फडक्यानं पुसणं. पार्ट निघतानाही स्थिर विजेनं रुई ओढतो, तिथे आयनायझरचा, म्हणजे स्थिर वीज घालवणारा पंखा लावा आणि पार्ट लगेच पिशवीत घाला.

अक्कलकोट_रोड | १७ जून, रात्री ११:०५

बरेच दिवस आलो नाही, माफी.

कंट्रोलर घेतला, साचा ८५ अंशावर. सायकल ५१ सेकंद झाली. पार्टीशी भाव परत बोललो, थोडा वाढवून दिला, पूर्ण नाही. साच्याच्या टोकाचं लोखंड काढलं. साचेबद्ध म्हणाले तसं, आधी गरम साच्यावर माप घेऊन मगच. पोकळी गेली. ठिपके हजारात दोन-तीन. गॉगलमधून बघितलं तर गेटजवळ दोन पट्टे अजून आहेत, पण पूर्वीची जत्रा नाही.

पंधरा दिवसांच्या फोटोत थ्रेडलॉकरच्या दहापैकी सात तडकले, बिनालॉकरचे दहाच्या दहा शाबूत. स्क्रू बदलले. जुन्या लॉटचे अर्धे पैसे मिळाले. चिंतनसाहेब, अर्धे.

परवा पहिला पाऊस झाला आणि काका म्हणाले होते तसंच, दुसऱ्या दिवशी रेघा हजर. डीह्युमिडिफाइंग ड्रायर जुना बघतोय, कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोवर पावसाळी दिवसांत तो साचा उतरवून हँगर लावतो.

चाकणला जॉबवर्कला दिलं नाही.

मापात_पाप | १८ जून, सकाळी ७:३०

अभिनंदन. माप कुठे घेताय आता?

अक्कलकोट_रोड | १८ जून, सकाळी ९:१५

अकौंटंटच्या केबिनमध्ये, एसी तेवढाच आहे. आदल्या दिवशीचे पार्ट आणि मायक्रोमीटर रात्रभर तिथेच. २० होत नाही, २४ वर थांबतो, वरचा हिशोब किसकाढू यांच्या पद्धतीनं.

अकौंटंट वैतागलाय. जीएसटीच्या फायलींवर ट्रे ठेवतो म्हणून.

किसकाढू | १८ जून, सकाळी ९:४०

२४ ला फरक ०.०१३ येतो. लिहून ठेवा फायलीवरच.